प्रश्नावली छापण्याआधी: वंचित समूहांसोबत दीर्घ आजारांवर संशोधन कसं करावं

"बीपीची गोळी रोज घेता का?" या प्रश्नाला तिनं "नाही" म्हटलं. पुढे कारणांचे चार चौकोन होते: विसर पडतो, पैसे नसतात, त्रास होतो, गरज वाटत नाही. ती एका मोठ्या इमारतीत सफाईचं काम करायची. चारही कारणं शांतपणे ऐकून म्हणाली, "तसं काही नाही हो. ती गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. आणि जे संडास आम्ही धुतो, ते आम्हाला वापरू देत नाहीत." मुलाखत घेणारी मुलगी जरा थांबली आणि तिनं "त्रास होतो"वर टिक केली.

संध्याकाळी फॉर्म तपासताना मीही ती टिक तशीच पुढे जाऊ दिली. अहवालात ती औषधाचा दुष्परिणाम म्हणून मोजली गेली. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी हे बीपीचं जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध आहे. गोळीचा काही दोष नव्हता. आमच्या चार चौकोनांत तिच्या मालकाला जागाच नव्हती, कारण प्रश्नावली ज्यांनी लिहिली त्यांच्यापैकी कुणालाही कामाच्या ठिकाणी संडास नाकारला गेला नव्हता.

मधुमेह, बीपी, दमा, मूत्रपिंडाचे विकार, दीर्घकाळची वेदना यांवर वंचित समूहांसोबत काम सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमानं दिल्या असल्या तरी प्रत्यक्षात दोन पुढं गेल्यावर एक मागं यावंच लागतं. वेळापत्रकात तेवढी ढील आधीच ठेवा.

पायरी १: तुमच्या आधी कोण येऊन गेलं ते शोधा

ज्या समूहाकडे जायचं ठरवलंय, तिथं पूर्वी कोणतं सर्वेक्षण झालं, रक्त कुणी नेलं, त्याचं पुढं काय झालं, हे आधी विचारा. "मागच्या वेळचेही असंच म्हणाले होते" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच आहे. ते पहिल्या आठवड्यात ऐकलेलं बरं.

लोकांचा अविश्वास म्हणजे अज्ञान, असं अजूनही प्रशिक्षणात शिकवलं जातं. मला ते पटत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथं १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा त्यावरचा नेहमीचा उपचार झाला, तरी या माणसांना तो दिला नाही. आजार कसा वाढतो ते बघायचं होतं. हे उघडकीला आल्यावर झालेल्या चौकशीतून १९७९ चा बेलमाँट अहवाल आला. संशोधनातल्या संमतीची आणि न्यायाची आजची भाषा बरीचशी तिथली आहे.

दुसरं उदाहरण आपल्या विषयाच्या जास्त जवळचं. अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीत मधुमेहाचं प्रमाण फार होतं. १९९० च्या सुमारास विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यासाठी रक्ताचे नमुने घेतले. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि जमात मूळची कुठून आली, अशा अभ्यासांसाठी वापरले गेले. जमातीची स्वतःच्या उगमाविषयीची श्रद्धा त्यात खोटी ठरवली जात होती. २००४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये विद्यापीठानं सात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि उरलेले नमुने परत केले. संमतीपत्रावर सह्या होत्याच. लोकांनी सही करताना मधुमेह डोळ्यांपुढे ठेवला होता आणि कागदावरचा मजकूर त्याहून फार मोघम होता.

पायरी २: "समाज" म्हणजे नेमकं कोण?

पहिल्या भेटीत जो हातात हार घेऊन पुढे येतो तो समाज नव्हे. प्रत्येक समूहात बोलणारे ठरलेले असतात आणि गप्प बसणारेही. अध्यक्ष, संस्थाचालक, धर्मगुरू यांना टाळून चालत नाही, पण फक्त त्यांच्याशी बोलून थांबलात तर ज्यांचा आजार सगळ्यांत वाईट आहे ते तुमच्या यादीत येणार नाहीत. घराबाहेर न पडणारे वृद्ध, रात्रपाळीचे कामगार, कागदपत्रं नसलेले, अपंग, समूहातच खालचे मानले जाणारे, यांना स्वतंत्रपणे शोधावं लागतं.

यासाठी एक साधी युक्ती आहे. प्रत्येक भेटीच्या शेवटी विचारा, "माझ्याशी बोलायला कोण येणार नाही? का?" आलेली नावं वहीत लिहून ठेवा. पाच-सहा भेटींनंतर तीच ती नावं परत येऊ लागतात. सल्लागार समिती करताना त्यातली निदान तीन-चार माणसं आत हवीत.

या काळात प्रश्नावली नको, टॅबही नको. दोन-तीन महिने नुसतं जाऊन बसा. दवाखान्याच्या रांगेत एखाद्या रुग्णासोबत पहिल्या नंबरपासून औषध हातात पडेपर्यंत थांबा आणि घड्याळ बघून वेळा टिपा. निधी देणाऱ्यांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, म्हणून प्रस्तावातच "पूर्वतयारी" असं नाव देऊन तो मागून घ्या.

पायरी ३: पैसा, निर्णय आणि माहिती यांची वाटणी लिहून काढा

या पायरीवर बहुतेक प्रकल्प घाई करतात, आणि पुढची निम्मी भांडणं इथूनच निघतात.

अमेरिकन अभ्यासक शेरी अर्नस्टाईन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. सगळ्यांत खाली लोकांना नुसतं हाताळणं, मधे माहिती देणं आणि सल्ला घेणं, सर्वांत वर लोकांच्या हाती नियंत्रण. आपला प्रकल्प कितव्या पायरीवर आहे हे प्रामाणिकपणे ठरवा. चौथ्या पायरीवर, म्हणजे नुसता सल्ला घेण्यावर, असाल तर चौथ्यावर आहोत असं सांगा. लोक ते समजून घेतात. आठवीची भाषा आणि चौथीचा व्यवहार मात्र त्यांना लगेच कळतो.

करार दोन-तीन पानांचा असला तरी पुरे. त्यात निदान एवढं यावं: प्रश्न कुणी ठरवायचा, नमुने आणि माहिती कुठं राहणार, ती दुसऱ्या कामाला वापरायची तर परवानगी कुणाची, लेख छापण्याआधी कुणी वाचायचा, आणि मतभेद झाले तर काय करायचं. कॅनडात माँट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक आदिवासींच्या वस्तीत १९९४ मध्ये शाळकरी मुलांपासून मधुमेह रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा वस्ती आणि संशोधक यांनी मिळून अशी आचारसंहिता लिहिली. निष्कर्षांवर एकमत झालं नाही तर प्रकाशन अडवायचं नाही, पण वेगळं मत असणाऱ्याला ते सोबत मांडायची संधी द्यायची, हा त्यातला मार्ग मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. दोन्ही बाजूंना त्यात थोडं सोसावं लागतं. कॅनडातल्या आदिवासी राष्ट्रांनी १९९८ मध्ये माहितीवरची मालकी, नियंत्रण, पोच आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूळनिवासी लोकांनी २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-संहिता जाहीर केली. मसुदा करायला बसण्याआधी या तिन्ही वाचून घ्या.

आता पैशाचं. समितीच्या सदस्यांना बैठकीचं मानधन द्या, प्रवासखर्च वेगळा. प्राध्यापक पगारावर येतो आणि रुग्ण रोज बुडवून येतो, अशा बैठकीला सहभाग म्हणणं लाजिरवाणं आहे. स्थानिक संस्थेला बिलं सादर केल्यावर पैसे देण्याऐवजी आगाऊ हप्ता द्या. लहान संस्थेकडे तीन महिने खर्च पेलायची ताकद नसते. आणि अंदाजपत्रक समितीपुढे उघडं ठेवा. एकदा आमच्या बैठकीत एका आजींनी आकड्यांवर बोट ठेवून विचारलं होतं, "आमच्या सगळ्यांच्या मानधनापेक्षा या परिषदेच्या प्रवासाला जास्त?" तो प्रवास रद्द झाला.

पायरी ४: प्रश्न पुन्हा लिहा

संशोधक बहुधा असा प्रश्न घेऊन येतो: "या लोकांत मधुमेहाविषयी जाणीव का कमी आहे?" यात उत्तर आधीच दिलंय, की दोष लोकांच्या डोक्यात आहे. समितीसोबत बसून प्रश्न उलटा करून बघा: "या लोकांना साखर आटोक्यात ठेवणं कशानं अवघड होतं?" आता दवाखान्याची वेळ, कामाच्या पाळ्या, घराचं भाडं, औषधाचा तुटवडा, डॉक्टरांची भाषा हे सगळं आत येतं.

कारण मिळालं की त्याचं कारण विचारा. औषध चुकलं, का? गोळ्या संपल्या होत्या. का? एका वेळी पंधरा दिवसांच्याच मिळतात. मग दुसऱ्यांदा का गेला नाही? सुट्टी मागितली तर पाळी कापतात. चौथ्या "का"पर्यंत पोचलात की आरोग्यशिक्षणाची पत्रकं छापायचा उत्साह आपोआप ओसरतो. याच वेळी रुग्णांना आपल्या एका दिवसाची नोंद ठेवायला सांगा: कधी उठलो, काय खाल्लं, किती चाललो, कुठं बसायला मिळालं, कुठं नाही. लिहिता न येणाऱ्यांनी फोनवर बोलून ठेवलं तरी चालतं. फोटो काढून त्यावर गटात बोलण्याची पद्धतही चांगली, पण दुसऱ्याच्या चेहऱ्याचे फोटो काढण्याविषयी आधी नियम ठरवा.

प्रश्न बदलला की उपायही बदलतो. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांतल्या ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं बीपी वाढलेलं. निम्म्या दुकानांत न्हाव्यानं गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे जायला आणि राहणी सुधारायला सांगितलं. उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित फार्मासिस्ट स्वतः आला आणि डॉक्टरांशी ठरवून तिथंच औषध सुरू केलं. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचं वरचं बीपी सरासरी ९ नं उतरलं होतं, दुसऱ्याचं २७ नं. सल्ला दोन्हीकडे ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचाच होता. फरक पडला तो औषध खुर्चीपर्यंत आल्यानं.

पायरी ५: मोजमाप जरा संशयानं बघा

"तुम्हाला मधुमेह आहे का?" हा प्रश्न निरुपद्रवी दिसतो आणि विषमतेच्या अभ्यासाचा पार बोजवारा उडवतो. ज्याची कधी तपासणीच झाली नाही तो "नाही" म्हणतो. त्यामुळे डॉक्टर परवडणाऱ्यांत आजार जास्त आणि न परवडणाऱ्यांत कमी, असं उलटं चित्र तयार होतं. तुम्ही मोजलेलं असतं निदान, आजार नव्हे. शक्य असेल तिथं प्रत्यक्ष तपासणी करा, नसेल तर निदान "शेवटची तपासणी कधी झाली?" हे सोबत विचारा आणि तक्ता त्यानुसार विभागून दाखवा.

बीपी मोजायचं तर पाच मिनिटं शांत बसवून, पाठीला आधार, पाय जमिनीवर टेकलेले, हात हृदयाच्या पातळीत, लघवी करून आल्यावर, आणि निदान दोनदा. जाड दंडाला लहान कफ (यंत्राचा दंडाभोवती बांधायचा पट्टा) बांधला तर आकडा खोटाच चढतो. एकाच आकाराचा कफ घेऊन फिरणारी टीम मी पाहिली आहे, आणि त्यांचा अहवालही पाहिला आहे.

साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीची चाचणी सोयीची, पण रक्ताच्या आजारांत ती फसवते. लोहाच्या कमतरतेत आकडा वर सरकू शकतो, तर तांबड्या पेशी लवकर फुटणाऱ्या सिकलसेलसारख्या आजारात खाली. असे आजार ज्या समूहात जास्त, तिथं फक्त तिच्यावर विसंबू नका. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या यंत्राबद्दल २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं की रक्तातला ऑक्सिजन खरोखर कमी असतानाही यंत्र ठीक दाखवतं, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. आणि मूत्रपिंडाच्या कामाचं गणित २०२१ पर्यंत तिथं वंशानुसार वेगळं केलं जात होतं. त्यानं कृष्णवर्णीयांची मूत्रपिंडं कागदावर आहेत त्याहून चांगली दिसत, आणि तज्ज्ञाकडे जायला उशीर होऊ शके.

नमुन्याच्या आकाराबद्दल थोडक्यात. एकाच वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून वीस वस्त्यांतून प्रत्येकी एकवीस जण घेतले म्हणजे ४२० माणसांची माहिती मिळाली असं होत नाही. त्यांच्यातलं साम्य (० म्हणजे अजिबात नाही, १ म्हणजे सगळे तंतोतंत सारखे) फक्त ०.०५ धरलं तरी १ + (२१ − १) × ०.०५ म्हणजे दोन. या दोननं भागलं की तुमच्या ४२० ची खरी किंमत २१० एवढीच. संख्याशास्त्रज्ञाला शेवटी न बोलावता इथंच बोलवा. शिवाय सकाळी अकराला दार उघडणारी माणसं एका ठरावीक प्रकारची असतात. निम्म्या भेटी रात्री आणि सुट्टीच्या दिवशी ठेवा.

पायरी ६: आकडा वाईट आला तर काय, हे आधी ठरवा

दाराशी बीपी मोजलं, २०० आलं. आता? टीमकडे याचं लेखी उत्तर नसेल तर मोजायला जाऊ नका. १८०/१२० च्या वर आकडा आला तर थोड्या वेळानं परत मोजायचं. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, अंग लुळं पडणं असं काही असेल तर तत्काळ रुग्णालयात. नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणं. कोण फोन करणार, गाडीचे पैसे कुठून, हे नावानिशी लिहा. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रचलित प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. त्याला "हो" आलं आणि टीम टॅबवर पुढचं पान उघडून निघून गेली, असं घडता कामा नये. उपचाराची सोय नसताना सरसकट तपासणी करू नये, हे विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय.

संमती एका सहीत उरकू नका. वाचून दाखवा, मग "आता तुम्ही मला सांगा, मी काय करणार आहे?" असं विचारा. नमुने साठवणं, दुसऱ्या अभ्यासाला वापरणं, पुन्हा संपर्क करणं, यांना वेगवेगळं हो-नाही ठेवा. आणि प्रत्येकाचा आकडा त्याच दिवशी, त्याच्या भाषेत, त्याच्या हातात द्या, शेजारच्यांसमोर मोठ्यानं न वाचता.

पायरी ७: मुलाखतकार तिथलेच घ्या, पण त्यांचंही बघा

स्थानिक मुलाखतकार लोकांना जवळचे वाटतात, आणि म्हणूनच काही गोष्टी त्यांना सांगितल्या जात नाहीत. दारू, टीबी, मारहाण, गर्भपात यांबद्दल शेजारणीला कोण सांगेल? असे विषय असतील तर दुसऱ्या वस्तीतला मुलाखतकार पाठवा. त्यांना करारावर पगार द्या. "स्वयंसेवक" म्हणून राबवू नका. दिवसाला सहा घरांत वेदना ऐकणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी मोकळं बोलायला जागा लागते.

पायरी ८: तक्ते आधी लोकांपुढे

विश्लेषण पूर्ण करून मग सादरीकरण, हा क्रम मोडा. कच्चे तक्ते समितीपुढे ठेवा आणि गप्प बसा. एका अभ्यासात "औषध रोज घेतो" म्हणणाऱ्यांचं बीपीही चढलेलंच निघालं. आम्ही औषधाचा दर्जा, मीठ, चुकीचा डोस असे अंदाज बांधत बसलो होतो. समितीतले एक काका म्हणाले, "रोज घेतात ना, अर्धी घेतात." महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवायचं, म्हणून रोज न चुकता अर्धी. त्यांच्या हिशेबानं ते नियमितच होते. पुढच्या फेरीत आम्ही प्रश्न बदलला: "काल सकाळी काय काय घेतलं, दाखवता का?" लोक पाकीट आणायचे, आणि त्यात नीट कापलेल्या अर्ध्या गोळ्या असायच्या.

लहान गटांचे आकडे जपून छापा. एखाद्या वस्तीत तीनच माणसं डायलिसिसवर असतील तर तक्त्यातल्या त्या ३ मागचे चेहरे सगळ्यांना ठाऊक असतात. समूहाची बदनामी होईल असा निष्कर्ष आला तर तो दडपू नका, पण कारणांशिवाय उघडाही सोडू नका. लेखकांच्या यादीत समितीतल्या माणसांची नावं घालायची तर त्यांनी खरंच मजकूर वाचून, बदलून, मान्य केलेला असू द्या. शोभेचं नाव हाही अपमानच.

पायरी ९: आधी परत द्या, मग छापा

निकाल पहिल्यांदा त्या लोकांना सांगा, जर्नलला नंतर. चाळीस स्लाइडपेक्षा एक पान बरं: काय दिसलं, काय कळलं नाही, आता कुणाकडे काय मागता येईल. सफाई कामगारांच्या त्या अभ्यासात आमचं एक पान दोन ठिकाणी गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाळ्या विचारून गोळीची वेळ बदलायला, काहींचं औषधच बदलायला सुरुवात केली. ते पान बायका कंत्राटदाराकडेही घेऊन गेल्या. पहिल्यांदा त्यानं ते वाचलंही नाही. चौथ्या खेपेला तळमजल्यावरच्या एका संडासाची किल्ली मिळाली.

निघताना काय मागे ठेवायचं हेही करारात असावं. नावं-पत्ते काढून टाकलेल्या माहितीची एक प्रत, ती वाचता येणारी दोन माणसं, बीपीचं यंत्र, तीन मापांचे कफ, नोंदवही. यंत्र वर्षातून एकदा तपासून घ्यावं लागतं आणि कफ दोन-तीन वर्षांत सैल पडतो; तेव्हा नवा कुणी आणायचा आणि कुठल्या पैशातून, ते नावासकट लिहून ठेवा.